विकतचं मलम

१२ सप्टेंबर

ताई,

साष्टांग नमस्कार घालायला हवा, पण इथली फरशी इतकी गार आहे की आडवा झालो तर उठवायला चार माणसं लागतील. तेव्हा उभ्यानेच घे.

तुझी मलमाची डबी महिन्याच्या सुरुवातीलाच मिळाली. बोटांच्या पेरांवरच्या भेगा दोन दिवसांत मिटल्या. इथल्या दवाखान्यात एक पांढरं मलम देतात. ते लावलं की कातडीत मुरून नाहीसं होतं आणि भेगा जिथल्या तिथे. तुझं लावलं की हात असे मेणचट होतात की चहाचा कप निसटतो, पण गुण येतो.

तू लिहिलंयस, ‘गिऱ्हाइकं विचारतात भाऊ काय करतो, मी म्हणते विमानात असतो. नेमकं काय ते एकदा मला कळेल असं लिही.’ तर ऐक. मी विमानात नसतो. माझ्याकडे पंखाचा एक तुकडा आहे, तुझ्या बेतायच्या टेबलाएवढा, आणि तो एका वाऱ्याच्या बोगद्यात उभा केलेला आहे. आम्ही बोगदा गार करतो, वारा सोडतो, त्यात पाणी फवारतो आणि पंखावर बर्फ धरवतो. मग तोच बर्फ काढतो. आठ वर्षं मी हेच करतो आहे. आई असती तर म्हणाली असती, मग धरवतोस कशाला?

ढगातून जाताना पंखाच्या पुढच्या कडेवर खरोखरच असा बर्फ धरतो. त्याच्या वजनापेक्षा वाईट म्हणजे पंखाचा आकार बिघडतो, आणि मग पंख विमानाला उचलून धरत नाही. आजवर उडण्याआधी गरम औषध फवारतात, वर गेल्यावर इंजिनाची गरम हवा पंखात फिरवतात. त्यात इंधन फार जातं. आमची नवी रीत विजेची. पत्र्याखाली अस्तरासारखा एक पातळ थर घातलाय, त्यातून क्षणभर विजेचा झटका द्यायचा. सगळा बर्फ वितळवायच्या फंदात पडायचं नाही. पत्र्याला चिकटलेला पापुद्रा तेवढा सुटला की वरचा सगळा थर वाराच ओढून नेतो.

आणि आता बातमी. या महिन्यात आमचा बर्फ ठरवलेल्या विजेच्या तिसऱ्या हिश्श्यातच सुटायला लागला आहे! साहेब खुर्चीवरून उठून नाचायचेच बाकी होते. विमानात वीज मोजकीच असते, त्यामुळे हा हिशेब टिकला तर आमचंच यंत्र घेतील. तसं झालं तर आपल्या गावात कंपनीची कचेरी निघणार आहे आणि तिथली एक जागा माझी. ‘यंदा येतो’ असं मी दरवर्षी लिहितो हे मला माहीत आहे. यंदा खरंच लिहितोय.

रोजचा क्रम तोच. पंख पुसायचा, आणि दार लावण्याआधी हातमोजा काढून कडेवरून एकदा तळवा फिरवायचा. कण राहिला असेल तर हातमोज्यातून कळत नाही. तू कापड बेतण्याआधी फिरवतेस तसाच. साहेब म्हणतात, पंखाला थोपटून झोपवतोस की काय? मी म्हणतो, झोप मला आलीय, पंखाला नाही.

तुझा,
धाकट्या


२ ऑक्टोबर

धाकट्या,

आशीर्वाद. तुला उभ्याने नमस्कार जमतो, मला बसल्या जागचा आशीर्वाद जमतो. फिटंफाट.

तुझं पत्र कोटवाल्या वकिलाला वाचून दाखवलं. तो म्हणाला, बाई, तुमचा भाऊ बर्फ धरवतो आणि काढतो, आम्ही तारीख पाडतो आणि पुढची घेतो, धंदा एकच. त्याचे दोन कोट अजून माझ्याकडे पडलेत. काजं करायची राहिलीत. हल्ली सुईत दोरा ओवायला वेळ लागतो. दिव्याचा उजेड कमी झालाय, दुसरं काय.

मलमाची आणखी एक डबी सोबत आहे. एक गिऱ्हाईक म्हणाली, एवढी आटाआटी कशाला, औषधाच्या दुकानात मिळतं की तयार. मी तिला सांगितलं, बाई, माझ्या घरात विकतचं येत नाही. सगळं विकतच आणायचं तर मी शिंपीण कशाला झाले? दोऱ्याला चोळायला मेण आणतेच, त्यातलाच तुकडा तेलात वितळवायचा आणि गार होईपर्यंत ढवळत राहायचं. मध्ये हात थांबला की खडे होतात. एवढंच त्यातलं गुपित. ही डबी ढवळताना मात्र मी दोनदा बसले. वय झालं रे.

फोन करशील म्हणून आधीच सांगते. नको. आईच्या मागे आपण फोनवर जे भांडलो ते मला पुरे आहे. कागदावर भांडायला कष्ट पडतात, म्हणून माणूस कमी भांडतो. पत्रच लिही.

आणि जागेचं ऐकून बरं वाटलं, पण घाई करू नकोस. आईच्या आजारपणाच्या वेळी नोकरी टाकून धावत आलास आणि मग दोन वर्षं माझ्या दुकानात बटणं लावत बसलास. तीही उलटी. तू यावंस असं मला वाटतं, रोज वाटतं, पण या वेळी कामानिशी ये. हातातलं टाकून आलास तर दारातून परत पाठवीन.

दाराची कडी मात्र आता फार घट्ट झालीय. आलास की आधी तिला तेल दे.

ताई


२० नोव्हेंबर

ताई,

नमस्कार. आज बसून घे, कारण मी खुर्चीतून उठू शकत नाही.

सलग दहा आठवडे बर्फ तिसऱ्या हिश्श्याच्या विजेत सुटतो आहे. साहेबांनी कंपनीला कळवलं, कंपनीने वरच्या कंपनीला. आता फेब्रुवारीत खऱ्या विमानाला आमचा पत्रा बसवून ते खऱ्या ढगात न्यायचं ठरलंय. मला आनंद व्हायला हवा. होतोही, पण झोपेत कोणी हाक मारावी तसा, लांबून.

विमान नेणारी वैमानिक बाई बोगदा बघायला आली होती. सर्दीने बेजार. नाक पुसत सगळं नीट ऐकून घेतलं आणि एकच प्रश्न विचारला, “बर्फ सुटला नाही, तर मला किती वेळ मिळेल?” साहेब म्हणाले, “सुटेल.” ती म्हणाली, “ते नाही विचारलं मी.” मग चहा पिऊन गेली. तो प्रश्न तेव्हापासून माझ्या डोक्यात बसून आहे, भाडं न देणाऱ्या भाडेकरूसारखा.

मलमाची डबी तळाला लागली. घाई नाही, पण सवड झाली की आणखी एक पाठव. रिकामी मी टाकत नाही, तिच्यात स्क्रू ठेवतो.

दिवा बदल. डोळे फुकट घालवू नकोस.

धाकट्या


११ डिसेंबर

चि. धाकट्या यास,

आशीर्वाद. अक्षर वेगळं दिसेल, घाबरू नकोस. माझ्या चष्म्याची काच फुटली म्हणून समोरच्या घरातले मास्तर लिहून देत आहेत. हे पोस्टमास्तर होते, आता निवृत्त आहेत. जन्मभर लोकांची पत्रं पोचवली, पण आत काय असतं ते कळलं नाही म्हणतात, आता हौस फिटेल. (हे वाक्य त्यांनी घालायला सांगितले म्हणून घातले आहे. असे मी कधी म्हटलेले नाही. — लेखनिक)

माझं बरं चाललंय. दुकानात काम फार आहे, म्हणून मलम करायला जमलं नाही. मेणही संपलंय. तोवर तुमच्या दवाखान्यातलं लाव.

त्या वैमानिक बाईचा प्रश्न मला आवडला. कापणारा म्हणतो ‘बसेल’, पण अंगात घालणाऱ्याला विचारावं लागतं, ‘नाही बसलं तर?’ तिला नीट उत्तर द्या.

जास्त लिहीत नाही, मास्तरांचा हात दुखेल. (दुखत नाही. — लेखनिक)

ताई


८ जानेवारी

ताई,

नमस्कार, आणि मास्तरांनाही एक, वरून.

चष्म्याच्या काचेला महिना लागला? तो चष्मेवाला आमच्याकडे पाठव, आमच्या कामाच्या गतीला शोभेल. की काच कधीच बसली आणि पत्रं मात्र मास्तरांकडूनच लिहून घ्यायची ठरलीत? मी धाकटा आहे, पण दुधखुळा नाही. माझी काही हरकत नाही. माणूस शुद्ध लिहितो, कंसात का होईना खरं बोलतो.

चेष्टा पुरे. इकडे घोळ झालाय. डिसेंबरच्या मध्यापासून बर्फ सुटत नाही. तोच पत्रा, तेवढीच वीज, तेवढंच गार पाणी. झटका दिला की बर्फ नुसता तडकतो आणि बसून राहतो, हट्टी पाहुण्यासारखा. वीज तिप्पट केली की जातो, पण आमचा आकडा ऐकून विमानात वीज ठेवलीय ती तिसऱ्या हिश्श्याचीच. तारा तपासल्या, फवारे बदलले, पाणी बदललं. साहेब रोज सकाळी येतात, काचेतून बघतात, वहीत आकडा लिहून जातात. ते ओरडले असते तर बरं वाटलं असतं.

मी इतका थकलोय की काल हातमोजे घालून जेवायला बसलो.

एक काम कर. मलमाची एक डबी लवकर पाठव. अगदी पहिल्यासारखंच कर, काही सुधारणा करू नकोस. हात फार फुटलेत.

धाकट्या


२५ जानेवारी

चि. धाकट्या यास,

आशीर्वाद. डबी सोबत आहे. या वेळी मेण पांढरं मिळालं म्हणून मलमाचा रंग वेगळा आहे, बाकी सगळं तेच. जपून लाव.

मास्तरांवरून चेष्टा करू नकोस. ते हे वाक्य लिहिताना कानापर्यंत लाल झालेत. (उजेड तसा आहे. — लेखनिक)

पंखाचं वाचून वाईट वाटलं. तुला एक सांगते. शिवण बिघडली की मी यंत्राला दोष देते, मग दोऱ्याला, मग कापडाला. शेवटी माझीच बैठक वाकडी निघते. तेव्हा सगळं तपासून झालं असेल तर जरा उठून लांबून बघ.

माझ्याकडे सगळं ठीक आहे. चष्मा यायचाय. काळजी करू नकोस, आणि हातातलं टाकून येऊ तर मुळीच नकोस.

ताई

(ताईंनी सांगितले ते सर्व लिहिले आहे. न सांगितलेले लिहिण्याचा मला अधिकार नाही. आपण सवडीने, पण एकदा येऊन जावे, असे माझे स्वतःचे मत आहे. — लेखनिक)


१२ फेब्रुवारी

ताई,

नमस्कार. आज जरा ताठ उभ्याने.

आता खरं सांगतो. ती डबी मी हातांसाठी मागवली नव्हती. झालं असं, जानेवारीत एकदा चहा पीत होतो आणि लक्षात आलं की कप निसटत नाही. तुझं मलम कधीचंच संपलं होतं. आणि बर्फ चिकटायला लागला तोही मलम संपल्यावरच! पंख पुसून झाल्यावर मी कडेवरून उघडा तळवा फिरवतो ना? म्हणजे रोज मीच माझ्या हाताने पंखाला तुझं मेण लावत होतो की काय? बर्फ विजेने सुटत नव्हता, मेणामुळे घसरत होता? असं असेल तर तिसऱ्या हिश्श्याचे आमचे सगळे आकडे फुकट. आभाळात पंखावरून तळवा फिरवायला मी नसणार.

हे मी तुला आधी लिहिलं नाही, कारण तू दोष स्वतःकडे घेतला असतास. साहेबांना सांगितलं. ते म्हणाले, डबी मागव, लाव, बघू.

तर डबी आली. पंख पुसला, मलम लावून तळवा फिरवला, बर्फ धरवला, झटका दिला. बर्फ चिकटलेलाच! चार दिवस हेच केलं. म्हणजे तुझं मलम निर्दोष सुटलं. ताई, एवढं हलकं मला वर्षभरात वाटलं नव्हतं.

मग उरतं काय? साहेब म्हणाले, पत्रा थकला. शेकडो झटके खाऊन आतला थर दमलाय. मी म्हटलं, तो एकटाच नाही. दुसरा पत्रा एकच बनलाय, तो विमानाला बसलाय आणि नवा कोरा आहे. तो आपल्या पहिल्या पत्र्यासारखाच चालेल, तिसऱ्या हिश्श्यात. विमान वीस तारखेला त्या वैमानिक बाईला घेऊन ढगात शिरणार. त्याआधी, एकोणीसला, चाचणी घेणारा म्हणून कागदावर माझी सही लागेल. मी ती करणार आहे.

मार्चमध्ये गावातली कचेरी उघडेल. कडीला तेल मी आल्यावर देतो.

धाकट्या


१६ फेब्रुवारी

धाकट्या,

सही करू नकोस.

हे अक्षर माझं आहे. कोंबडी चालून गेल्यासारखं दिसेल, पण मास्तरांकडून हे लिहून घ्यायचं नव्हतं.

तुला पाठवलेलं मलम मी केलेलं नव्हतं. मास्तरांनी औषधाच्या दुकानातून आणलं आणि चमच्याने आपल्या जुन्या डबीत भरलं. पांढरं मेण वगैरे सगळी थाप. तू जे चार दिवस लावलंस त्यात मेणाचा कणही नव्हता. मला वाटलं तुला फक्त हातांना लावायचंय, काय फरक पडतो? माझ्या मलमाची परीक्षा अजून झालेलीच नाही. त्या बाईला ढगात पाठवू नका.

चष्मा कधी फुटलाच नव्हता. माझे हात थरथरतात. उन्हाळ्यापासून सुरू झालं, ऑक्टोबरची डबी मी कशीबशी ढवळली, ती शेवटची. डॉक्टर म्हणाले, हे जाणारं दुखणं नाही, हळूहळू वाढणारं आहे. वकिलाचे कोट परत केले. दुकानाचं दार नोव्हेंबरपासून लावलेलं आहे. कापडावर हात ठेवला की कापड हलतं. बेतणार काय?

तुला कळवलं असतं तर आईच्या वेळी केलंस तेच केलं असतंस. मला वाटलं, तुझं यंत्र लागलं की तू आपोआप येशील, तोवर काढू. थोडेच महिने राहिले होते. आता मी हे लिहितेय म्हणजे तुझी जागा माझ्याच हाताने घालवतेय, हे मला कळतं. कळूनही लिहितेय.

काल तुमच्याकडे फोन केला. नियम मोडला. पहारेकरी म्हणाला, काम चालू असताना बोलावत नाही, निरोप सांगा. अशा गोष्टीचा निरोप काय सांगणार? म्हटलं, त्याला सांगा, बहीण म्हणाली, मलम विकतचं होतं. तो हसला. म्हणाला, एवढंच? म्हटलं, एवढंच, पण आज सांगा.

पत्र मास्तर स्वतः घेऊन स्टेशनावर जाताहेत. तिथे अजून त्यांच्या ओळखीचं कोणी आहे.

एवढं लिहायला दोन दिवस लागले.

ताई


२२ फेब्रुवारी

ताई,

तुझं पत्र अठराला संध्याकाळी पोचलं. त्याआधी निरोप पोचला होता.

आमच्या दाराशी एक फळा आहे. त्यावर निरोप लिहितात, कोणाचा डबा राहिला, कोणाच्या घरी लवकर बोलावलंय. सोळाला सकाळी त्यावर खडूने लिहिलेलं होतं: ‘पंखवाल्याला, बहिणीकडून: मलम विकतचं होतं.’ खाली कोणीतरी हसरा चेहरा काढला होता. सगळे वाचत होते आणि हसत होते. मीही हसायला लागलो आणि मग हसू थांबलं.

पहिल्यांदा पंख डोक्यात आला. विकतचं, म्हणजे मी भलतंच तपासलं. पण फळ्यासमोरून मला हलता येईना, ते त्यामुळे नाही. विकतचं, आणि तुझ्या घरात? तू दोरासुद्धा हातानं पिळला असतास. ताई विकत आणते म्हणजे ताईला करता येत नाही. मग दिव्याचा उजेड, सुईतला दोरा, दोनदा बसून ढवळलेली डबी, न येणारा चष्मा, मास्तरांचे कंस, सगळं एका रांगेत येऊन उभं राहिलं. तुझ्या पत्राने नवीन काही सांगितलं नाही. पण ते अक्षर बघून मी बोगद्याच्या मागच्या खोलीत जाऊन रडलो. तिथे तापमान शून्याखाली असतं. तिथे रडू नये, डोळ्यांना त्रास होतो.

आणखी एक. नवं मलम लावल्यावरही कप निसटला नव्हता. ते मला कळलं होतं. तू लिहिलंयस ना मेण पांढरं, म्हणून मी गप्प बसलो. मला सुटायचं होतं, ताई. इतका थकलो होतो की जे सुटका देईल ते खरं मानायला मी तयार होतो.

स्क्रू ठेवलेली जुनी डबी टेबलावर होती. स्क्रू ओतले, कडेकोपऱ्यांत राहिलेलं तुझं पिवळं मलम नखाने खरवडून काढलं. शेंगदाण्याएवढं निघालं. पंखाच्या डाव्या अर्ध्या भागावर ते तळव्याने फिरवलं, उजवा अर्धा कोरा ठेवला आणि साहेबांना बोलावलं. बर्फ धरवला. तिसऱ्या हिश्श्याचा झटका दिला. डावीकडचा बर्फ एका दमात निघून गेला. उजवीकडचा तसाच बसून राहिला. मधली रेघ तू कैचीने कापल्यासारखी सरळ होती.

साहेब स्टुलावर बसले. मग म्हणाले, “थकलेला पत्रा नव्हता तर.” आणि उठून फोन लावला. विमान उडालं नाही.

संध्याकाळी वैमानिक बाई आली. सर्दी अजून तशीच. मी सगळं सांगितलं, हातमोजा काढल्याचंही. वाटलं, झापेल. ती म्हणाली, “मग माझ्या प्रश्नाचं उत्तर काय?” मी म्हटलं, “सुटला नसता. आणि वेळ फार मिळाला नसता.” तिने मान हलवली. जाताना म्हणाली, “तुमच्या बहिणीला माझा नमस्कार सांगा.” तो इथे पोचवतो आहे. तो मात्र खाली वाकून केलेला समज.

यंत्र वाईट नाही. वीज जास्त लागते एवढंच, आणि कुठेतरी कोणीतरी ती कमी करेल. सगळी मोजणी पहिल्यापासून होणार, दुसऱ्याच्या हाताने, हातमोजे घालून. गावातली कचेरी रद्द झाली. मला रजा दिलीय. परत बोलावतील की नाही ते साहेबांनी सांगितलं नाही, मीही विचारलं नाही.

म्हणजे कामानिशी ये म्हणाली होतीस, ते जमलं नाही. हातातलं टाकून येतोय असंही नाही, हातात काही उरलंच नाही. दारातून परत पाठवायचं असेल तर पाठव, पण मी पायरीवर बसेन. बटणं आता सुलटी लावीन.

मेण कुठे मिळतं ते विचारून ठेव. तेल तापवायचं किती आणि थांबायचं कधी ते तू सांग. ढवळायचं मी. मध्ये हात थांबवणार नाही.

रविवारी पोचतो.

धाकट्या


२५ फेब्रुवारी

धाकट्या,

ये.

कडी मास्तरांकडून आजच काढून ठेवली आहे, दार नुसतं लोटलेलं असेल. पायरीवर बसायचं कारण नाही, ती गार असते.

हे लिहिताना कोणी मदत केली नाही. वाचता आलं तर सांग, नाही आलं तरी ये.

ताई